हरणीसाठी बसलेले सहा तास

घरामागच्या डॉगवूडची पानं कडेने लाल व्हायला लागली की मला कळतं, आता विनय तो प्रश्न विचारणार. मॉरिसव्हिलमध्ये ऑक्टोबर चोरपावलांनी येतो. दुपारी अजून एसी लागतो, पण सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवताना अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. पाइनच्या वाळक्या काड्यांचा वास हवेत असतो. कोपऱ्यावरच्या घराच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात, पलीकडच्या घरात घट बसवायची गडबड चालू असते. मी गॅरेजमधल्या खुंटीवरून धनुष्य खाली काढते आणि दोरीला मेण लावायला घेते. परवाही तेच करत होते. विनय, माझा नवरा, चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"जाणारेस का या वर्षी?"

"बघू."

चार वर्षं झाली, ऑक्टोबरातलं या विषयावरचं आमचं बोलणं एवढंच. त्यापुढे तोही जात नाही आणि मीही. पण "बघू" म्हणताना दर वेळी माझ्या नाकात एक वास येतो आणि तो मेणाचा नसतो.

मी डॉक्टर. नागपुरात शिकले आणि तीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काढली. रिटायर झाले आणि महिन्याभरात उजवा खांदा आखडला. इतकी वर्षं त्याला आजारी पडायला सवड मिळाली नव्हती, असं मी लोकांना सांगायचे. फिजिओथेरपीची रबरी पट्टी दाराच्या कडीला अडकवून मागच्या अंगणात ओढत बसायचे. शेजारच्या वॉल्टरने ते काही दिवस पाहिलं आणि एकदा कुंपणावरून विचारलं, "डॉक, त्या रबरापेक्षा हे ओढून बघता का?" त्याच्या हातात धनुष्य होतं. वॉल्टर तेव्हा सत्तरीच्या पुढचा. विजेच्या खांबांवर चढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. आमची ही सगळी घरं उभी राहिली त्या जागी तंबाखूची शेतं होती, तेव्हापासूनचा तो इथला. पहिल्या दिवशी दोरी हनुवटीपर्यंत आणताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तीन महिन्यांत खांदा मोकळा झाला आणि वीस पावलांवर लावलेल्या कागदी प्लेटच्या मध्यावर बाण बसायला लागला.

शिकारीचं माझ्या मनात आधीपासून नव्हतं म्हटलं तर खोटं होईल. लहानपणी रविवारी सकाळी बाबांबरोबर मटण आणायला जायचे. लाकडी ठोकळ्यावर सुरा पडायचा तो ठक् असा आवाज, ओल्या फरशीचा गारवा, आणि दुकानाकडे पाठ करून समोरच्या सायकलवाल्याकडे बघत उभे राहिलेले बाबा. "झालं का बघ गं," ते म्हणायचे. मी बघायचे. घरी रस्सा मात्र तेच दोनदा मागून घ्यायचे. त्यांच्यावर माझा राग नव्हता, पण खायचं तर निदान एकदा तरी तोंड तिकडे करावं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. विनय जन्माचा शाकाहारी. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसलाच. "अगं, तीस वर्षं माणसं वाचवलीस आणि आता हरणं मारायला निघालीस? आपल्या रिटायरमेंट प्लॅनिंगमध्ये हे कुठे होतं?"

मराठी मंडळाच्या दिवाळी पॉटलकला, घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, बातमी माझ्याआधी पोचली होती. पुण्याच्या एक मावशी चिकन बिर्याणी दुसऱ्यांदा वाढून घेताना मला म्हणाल्या, "काय हो डॉक्टर, इतकं गरीब जनावर! पाप नाही वाटत?"

"वाटतं की."

"मग कशाला ते?"

"म्हणून तर आधी नीट शिकतेय, मावशी."

त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि रायत्याकडे वळल्या. मी तेव्हा फार ऐटीत बोलून गेले होते. नीट शिकले नव्हते, हे पुढच्या ऑक्टोबरात कळलं.

शिकवणारा चांगला होता. इथून पाऊण तासावर वॉल्टरच्या भावाची जमीन आहे. चाळीस एकर पाइन आणि ओक, मधून ओढा. तिथे एका ओकला शिडी बांधून वर बसायची जागा केलेली आहे. त्या झाडाखाली उभं राहून वॉल्टर मला धडे द्यायचा. वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. हरीण आपल्याकडे बघत असेल तर सोडायचा नाही. ते पुरतं आडवं उभं असेल, नाहीतर तोंड पलीकडे वळवून असेल, तरच सोडायचा. मग बाण दोन्ही फुफ्फुसांतून जातो आणि जनावर बघता बघता संपतं, त्याला काय झालं ते कळायच्या आत. तोंड आपल्या बाजूला तिरकं असेल तर कितीही जवळ असो, हात आवरायचा. आणि शेवटची गोष्ट तो दर वेळी बोट वर करून सांगायचा.

"बाण लागला की झाडावरून उतरायचं नाही. मला फोन करायचा. बाण पोटात लागला असेल तर हरीण थोडं चालतं आणि आडोसा बघून बसतं. त्याला बसू द्यायचं. काही तासांनी ते तिथेच प्राण सोडतं. तुम्ही मागे गेलात तर ते उठतं आणि पळतं. मग ते सापडत नाही, आणि मरायला त्याला जास्त वेळ लागतो."

मी मान डोलावली. मला कोणी अ‍ॅनाटॉमी शिकवावी, याची त्या वेळी आतल्या आत थोडी गंमतच वाटत होती.

ती सकाळ मला कुठूनही आठवायला लागली तरी आवाजापासूनच सुरू होते. ओकची फळं खालच्या पानांवर पडत होती, एकेक, मध्येच दोन-तीन एकदम. एक खार उगाच घर डोक्यावर घेतल्यासारखी पानं उडवत होती. ओढ्यावर धुकं होतं आणि माझे हात गार पडले होते. वॉल्टर जमिनीच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या झाडावर होता. आठ वाजून गेले आणि खार गप्प झाली, तेव्हा मी मान वळवली. हरणी उभी होती. एकटीच. कानांच्या कडा उन्हात गुलाबी दिसत होत्या आणि नाक ओलं होतं. ती फळं वेचत वेचत अठरा पावलांवर आली आणि थांबली. तिचं तोंड किंचित माझ्या बाजूला होतं. अगदी किंचित.

मला माहीत होतं. हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं. मला माहीत होतं की थांबायला हवं. पण मनात लगेच सगळं चित्र उलगडलं. खांद्यामागून असा बाण आत जाईल, इथे हृदय, इथे फुफ्फुस, एवढा कोन धरला की झालं. आयुष्यभर मी शरीरं आडवी झोपवून उघडलेली पाहिली होती. ही चार पायांवर उभी होती, तिची छाती अरुंद आणि खोल होती, आणि अठरा पावलांवरचा किंचित तिरकेपणा आत गेल्यावर किती होतो, हे माझ्या डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. मी दोरी सोडली.

ती उडी मारून पळाली नाही. पाठीची कमान केली, शेपूट खाली घेतली आणि एखादी बाई पोट धरून चालावी तशी हळूहळू चालत पाइनच्या झाडांत गेली.

बाण तिच्यातून आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला होता. मी वरून त्याच्याकडे बघत राहिले. फोन खिशात होता. पाच मिनिटंसुद्धा माझा धीर टिकला नाही. मी शिडी उतरले, बाण उपटला आणि नाकाशी नेला.

फुटलेल्या आतड्यांचा वास. तो मी झोपेतही ओळखीन. स्टिअरिंग पोटात घुसलेली माणसं, भांडणात सुरी लागलेली माणसं, सायकलच्या हँडलवर आपटलेली पोरं. तो वास आला की इमर्जन्सीत कोणी चालत नाही, सगळे पळतात. सर्जनला फोन, रक्ताच्या पिशव्या, ऑपरेशन थिएटरचं दार उघडं धरणारा कोणीतरी. एकेका मिनिटावर माणूस जातो की राहतो ते ठरतं. तीस वर्षं माझ्या पायांना या वासावर एकच गोष्ट शिकवलेली होती, आणि मी पळाले.

साठ-सत्तर पावलांवर ती होली नावाच्या काटेरी पानांच्या झुडपाखाली बसलेली दिसली. मान ताठ होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "थांब गं, आले मी," मी म्हणाले, अगदी मोठ्याने आणि मराठीत. दुसरा बाण लावून तिची सुटका करावी एवढंच माझ्या मनात होतं. बाण दोरीत अडकवेपर्यंत ती उठली आणि गेली. रक्ताचे थेंब बघत मी मागे गेले. पुन्हा बसलेली दिसली, पुन्हा उठली. तिसऱ्या वेळी ओढ्याच्या काठावर. या वेळी तिला उठायला दोनदा प्रयत्न करावा लागला. मागचे पाय सरळ होईनात. तरी ती उठली, पाण्यातून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

तिच्यासाठी माझा जीव तुटत होता. तिला मात्र मागून येणारं एक जनावर दिसत होतं.

ओढ्यापलीकडे रक्त नव्हतं. थोडं पुढे गेले तर झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे पट्टे. आमच्या राज्यात त्याचा अर्थ असा की इथून दुसऱ्याची जमीन, विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. तेव्हा कुठे मी फोन काढला. दहा वाजले होते.

वॉल्टर आला. बाणाचा वास घेतला, त्यावर चिकटलेला एक जाड, टोकाला पांढरा, पोटावरचा केस चिमटीत धरून पाहिला आणि खिशातल्या कागदात ठेवला. रागावला नाही. एवढंच विचारलं, "किती वेळा उठवलंत तिला?"

"तीनदा."

त्याने बाण परत माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "चला, ट्रकपाशी बसू."

"किती वेळ?"

"चार वाजेपर्यंत."

"सहा तास? वॉल्टर, ती मरतेय तिकडे!"

"हो, मॅम. आणि आता गेलो तर ती मरता मरता पळेल." त्याने पलीकडच्या जमिनीच्या मालकिणीला फोन लावला. तिने परवानगी दिली. "चारला निघायचं," फोन ठेवून वॉल्टर म्हणाला. "साडेसहाला अंधार पडतो आणि अंधारात कायोटी बाहेर पडतात. त्याआधी ती सापडायला हवी."

म्हणजे अडीच तास. ती सापडली नाही तर रात्रभर तिकडे एकटी पडून राहणार होती, आणि कायोटी, इथले रानकोल्हे, तिच्या मरण्याची वाट बघत नाहीत, हे वॉल्टरने सांगायची गरज नव्हती.

ट्रकचा मागचा फळका पाडून आम्ही त्यावर बसलो. मी घड्याळ बघायचे, वॉल्टर बघायचा नाही. बाराच्या सुमाराला विनयचा फोन आला. "कुठेयस? लंचला येतेस ना?" मी सगळं सांगितलं.   तो म्हणाला, "लोकेशन शेअर कर."

तासाभराने त्याची गाडी कच्च्या रस्त्यावरून हळूहळू येताना दिसली. खड्ड्यांची त्याला भारी भीती. हातात डबा. आदल्या दिवशीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं. तो फळक्यावर माझ्या शेजारी बसला आणि त्याने वॉल्टरच्या हातात पोळीची गुंडाळी दिली. मी काही खाल्लं नाही.

"ती... अजून असेल?" विनयने विचारलं.

"असेल," मी म्हणाले.

"मग आपण नुसतं बसायचं?"

"हो."

मी वाट बघत होते की तो आता म्हणेल, मी सांगत नव्हतो? ते ऐकायची माझी तयारी होती, खरं तर ते ऐकायलाच हवं होतं. तो म्हणाला नाही. त्याने माझ्या हातातला तो बाण काढून घेतला आणि बाजूला ठेवला. सकाळपासून मी तो धरून ठेवला होता.

इमर्जन्सीबाहेर खुर्च्यांची एक रांग होती, अजूनही असेल. किती वेळा मी ते दार ढकलून बाहेर आले असेन आणि लोकांना सांगितलं असेल, "प्लीज, बसून राहा. आम्ही सगळं करतोय." माणसं उभी राहायची, माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि पुन्हा बसायची. एका आजींनी एकदा माझा हात सोडलाच नव्हता, आणि मी मनातल्या मनात चिडले होते, कारण आत काम होतं. मला नेहमीच आत काम असायचं. बाहेर बसणं हेसुद्धा काम असतं, आणि ते अंगातली सगळी ताकद काढून घेतं, हे मला त्या फळक्यावर बसून कळलं. आपण काय मागत होतो त्या लोकांकडे, याची लाज वाटली.

हल्ली वॉल्टर माझा नंबर नव्या शिकाऱ्यांना देतो. सीझनमध्ये पाच-सहा फोन येतात. गडी मोठाले असतात, पण आवाज पडलेला असतो. "मॅम, पाठीची कमान केली आणि चालत गेलं." मी विचारते, आता कुठे आहात? झाडाखाली उतरलो, म्हणतात. मी म्हणते, पुन्हा वर चढा आणि बसा. काही जण वाद घालतात. मग मी फोन चालू ठेवते आणि त्यांच्याशी बोलत राहते, त्यांच्या नोकरीबद्दल, घराबद्दल, काहीही. मी स्वतः त्यानंतर चार वर्षांत दोनच बाण सोडले. दोन्ही हरणं माझ्या नजरेसमोर पडली. बाकीच्या सकाळी हात आवरून घरी आले. पण त्या दोघांचं मला फारसं काही आठवत नाही.

त्या दिवशी चार वाजले. वॉल्टर उठला तसा विनयही उठला. "मीही येतो," तो म्हणाला. "तिघं असलो तर जास्त जागा बघून होईल." मी त्याच्या पायांकडे पाहिलं. त्याने मॉलमध्ये फिरायला जायचे पांढरे शूज घातले होते.

जांभळे पट्टे ओलांडून आम्ही दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून चालायला लागलो. रक्त नव्हतंच. वॉल्टर पानं बघत होता, कुठलं उलटं पडलंय, कुठे ओली बाजू वर आली आहे. एका फांदीवर त्याला पुसटसा डाग सापडला. त्याने तिथे खुणेसाठी टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवला, मग पुढे आणखी एक. मग बराच वेळ काहीच नाही. ऊन तिरपं झालं. मी चक्क देवाला विनवत होते. तिला वाचव असं मागायची सोय मी ठेवली नव्हती. नुसती सापडू दे, एवढंच म्हणत होते.

"अगं," विनयचा आवाज आला, एकदम हळू. "इकडे."

एक मोठं झाड ओढ्याच्या वळणावर आडवं पडलं होतं. त्याच्या मुळांच्या आडोशाला ती होती. पाण्याच्या अगदी जवळ. मान जमिनीवर टेकलेली होती, पण पोट हलत होतं. आमची चाहूल लागली तसे तिचे कान आमच्या दिशेला वळले. उठायला तिने पुढचे पाय जरासे ओढले आणि सोडून दिले.

वॉल्टर माझ्या कानाशी आला. "मी करू?"

"नाही."

मी मोठा वळसा घेऊन गेले, तिच्या डोळ्यांसमोरून न जाता. बारा पावलांवर थांबले. ती पुरती आडवी होती. मी लगेच दोरी ओढली नाही. आधी श्वास सोडला, मग पुन्हा एकदा सोडला. हात स्थिर होईपर्यंत थांबले. तिच्या बरगड्या खालीवर होताना दिसत होत्या आणि मी पुस्तकातलं काही आठवत नव्हते, फक्त तिच्याकडे बघत होते. मग दोरी ओढली आणि सोडली. तिने दोन लांब श्वास घेतले. तिसरा आला नाही.

 मग वॉल्टरने एक बारीक काडी मोडली आणि माझ्यापुढे धरली. "डोळ्याला लावून बघायचं असतं, डॉक. पापणी हलली नाही म्हणजे..."

"माहीत आहे," मी म्हणाले.

इमर्जन्सीत आम्ही कापसाचा पीळ वापरायचो. मी तिच्याजवळ गुडघे टेकले आणि काडीचं टोक डोळ्याच्या बुबुळाला लावलं. पापणी हलली नाही. दुसऱ्या डोळ्यालाही लावून पाहिलं. मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली, मिनिटभर ठेवली. अंग अजून ऊन होतं. आणि मग, कोणी विचारलं नव्हतं, पण मी मनगट वळवून घड्याळात पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "टाइम ऑफ डेथ, चार अठ्ठावन्न."

वॉल्टरने टोपी काढली. "येस, मॅम," तो म्हणाला.

तीस वर्षांत अशी मृत्यूची वेळ मी शेकडो वेळा सांगितली असेल. नर्स ती लिहून घ्यायची, मी हातमोजे काढायचे. तिथवर माणसाला आणणारं कोणीतरी दुसरं असायचं, एखादी गाडी, एखादी सुरी, रक्ताची एखादी गुठळी. माझ्याकडे फक्त शेवटची वेळ असायची.

विनय त्याच्या पांढऱ्या शूजसकट ओल्या पानांत माझ्या शेजारी बसला. "सकाळी बाण किती वाजता लागला होता?" त्याने विचारलं.

"आठ दहाला," मी म्हणाले. "मी लावला होता."